घरचा कलर प्रिंटर पानावर गुपचूप काय छापतो, ते स्वतः कसं तपासायचं

घरात कलर लेझर प्रिंटर असेल तर हे पूर्ण वाचा, असे प्रिंटर पानावर आपल्या नकळत बारीक पिवळे ठिपके टाकतात आणि त्यात मशीनचा नंबर असतो. इंकजेट असेल तर पिवळ्या ठिपक्यांचा भाग तुम्हाला बहुतेक लागू होणार नाही, पण त्यानंतरचं सगळं होतं, ते सोडू नका.

मी नाशिकरोडला राहते, घरी पाचवी ते आठवीचे क्लास घेते. वर्कशीट, नकाशे, पेशींच्या आकृत्या, सगळं रंगीत लागतं आणि दर वेळी बाहेरून कलर प्रिंट काढून आणणं परवडेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड कलर लेझर घेतला. छान चाललाय. मग मागच्या दिवाळीत भाचा आला होता, पुण्याला इंजिनिअरिंग करतोय, तो एक वर्कशीट हातात घेऊन म्हणाला मावशी तुला माहितीये ना, असले प्रिंटर प्रत्येक पानावर स्वतःचा नंबर टाकतात. मी म्हटलं काहीतरीच काय. तर त्यानं खोलीतला लाइट घालवला, मोबाइलवर पूर्ण निळं चित्र लावलं, ब्राइटनेस फुल केला आणि पानाच्या कोऱ्या मार्जिनवर धरला. नुसत्या डोळ्यांना धड काही दिसेना. दुसऱ्या दिवशी धाकटे दीर भिंग घेऊन आले, ते सराफ बाजारात कारागीर आहेत, खडे बघायचं दहा पटीचं भिंग असतं त्यांच्याकडे. आणि मग दिसलं. जिथं मी काहीच छापलं नव्हतं तिथं निळ्या प्रकाशात काळे दिसणारे टिंब, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, आणि दीर भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "वहिनी, हे उडालेले डाग नाहीत, हे मांडलेत."

त्यांचा सगळा दिवस बारीक खडे ओळीत बसवण्यात जातो, त्यांना ते लगेच कळलं. माझ्या मात्र पोटात गोळा आला. दोन वर्षं मी पोरांच्या हातात ही पानं देतेय, पालकांना फीच्या पावत्या देतेय, आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे आहे काय आणि आलं कुठून

या ठिपक्यांना मशीन आयडेंटिफिकेशन कोड म्हणतात. साधी गोष्ट अशी की कलर लेझर प्रिंटर किंवा कलर कॉपिअर तुमचं पान छापताना त्यावर फिक्या पिवळ्या रंगाचे ठिपके स्वतःहून टाकतो, एकेक ठिपका साधारण एक दशांश मिलिमीटरचा, दोघांत मिलिमीटरभर अंतर, आणि त्या मांडणीत मशीनचा सिरीयल नंबर आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये छापल्याची तारीख वेळ पण असते. एकच नक्षी पानभर परत परत येते, काही मशीनवर ए-फोर पानावर सुमारे १५० वेळा. म्हणजे पानाचा कोपरा फाडून टाकला तरी उरलेल्या तुकड्यावर ती असतेच. पांढऱ्यावर पिवळं आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो रंग निवडलाय.

हे सुरू झालं १९८० च्या दशकात, झेरॉक्स आणि कॅनन या कंपन्यांनी कलर कॉपिअर आणले तेव्हा. (इथं झेरॉक्स म्हणजे कंपनी बरं का, दुकानातली झेरॉक्स नाही.) भीती ही होती की लोक या मशीनवर नोटा छापतील. ही भीती खोटी नाही आणि नाशिकरोडकरांना तर ती समजावून सांगायलाच नको, आमच्याकडे इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आहे आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून, निम्म्या जुन्या घरांत कुणी ना कुणी "प्रेसमध्ये" होतंच. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका प्रेसमधून रिटायर झालेत, त्यांना मी हे दाखवलं तर ते म्हणाले, "बेटा, नकली नोट पकडायला हे हवंच." मी म्हटलं काका हवं असेल, पण मग पाचवीच्या वर्कशीटवर कशाला, आणि असेल तर खोक्यावर लिहायला काय जातं. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले हो, लिहायला पाहिजे.

माझं म्हणणं पण तेवढंच आहे. नोटांसाठी वेगळी सोय आहेच की, बऱ्याच देशांच्या नोटांवर पाच छोट्या वर्तुळांची एक ठराविक मांडणी असते, कलर कॉपिअरला ती दिसली की तो कॉपी करायला नकार देतो. मार्कुस कुन नावाच्या संशोधकाला ती २००२ मध्ये सापडली. ती नोटेवर असते, तुमच्या आमच्या कागदावर नाही. (हे बघायला म्हणून कुणी नोट स्कॅनरवर ठेवू नका, नोटेची कॉपी काढणं गुन्हा आहे, गंमत म्हणूनसुद्धा नाही.)

पिवळ्या ठिपक्यांचं लोकांना कळलं २००४ मध्ये, नेदरलँड्समधल्या पोलिसांनी त्यावरून नकली नोटावाल्यांचा माग काढायचा प्रयत्न केला तेव्हा. आणि २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या लोकांनी झेरॉक्सच्या डॉक्युकलर मॉडेलचा कोड उलगडून जगापुढे ठेवला. म्हणजे वीसेक वर्षं लोक छापत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता तपासायचं कसं

एक पान छापा ज्यात थोडा तरी रंग आहे, म्हणजे वर लाल अक्षरात एक ओळ आणि खाली सगळं कोरं. पूर्ण कोरं पान छापू नका, काही मशीन त्यावर ठिपके टाकतच नाहीत आणि तुम्हाला वाटेल आपला प्रिंटर साफ आहे. कागद साधा पांढराच घ्या, पिवळसर रिसायकल कागदावर शोधत बसलात तर डोळे जातील.

मग रात्री खोलीत अंधार करा आणि निळा प्रकाश टाका. निळाच का, तर पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळं पिवळा ठिपका काळा दिसतो आणि कागद निळा राहतो. मोबाइलच्या निळ्या स्क्रीननं जमतं पण अंधुक, निळ्या एलईडीची छोटी टॉर्च मिळाली तर फारच सोपं, मी एमजी रोडवरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नुसता निळा एलईडी आणि बटन सेल घेऊन भाच्याकडून जोडून घेतला. पांढऱ्या टॉर्चला निळा जिलेटिन कागद लावून बघितला होता, त्यानं काही जमलं नाही. भिंग दहा पटीचं तरी पाहिजे, पेपर वाचायचं आजोबांचं भिंग पुरत नाही. टॉर्च तिरकी धरा, भिंग डोळ्याला चिकटवा आणि कागद वर आणा, कागदाकडे वाकू नका, दिरांनी मला हे शिकवलं, नाहीतर फोकस मिळत नाही आणि माणूस दोन मिनिटांत कंटाळतो.

भिंग नसेल तर स्कॅनर. पान ६०० डीपीआयला, कलरमध्ये स्कॅन करा आणि सेव्ह करताना पीएनजी किंवा टिफ निवडा, जेपेग नको, जेपेग बारीक रंग पुसून टाकतं. ती फाइल गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, कलर्स मेन्यूत कंपोनंट्स आणि त्यात डीकंपोज, तिथं आरजीबी निवडलं की लाल हिरवा निळा असे तीन थर वेगळे होतात, निळा थर तेवढा ठेवा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. ठिपके असतील तर ते काळे होऊन वर येतात. मला स्कॅनमध्ये पहिल्यांदा ते दिसले तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला, पूर्ण मार्जिन भरलेलं होतं.

प्रत्येक पिवळा डाग म्हणजे कोड नाही हे पण सांगते. ड्रम (प्रिंटरमधला, पानावर शाई उतरवणारा रोलर) खराब असला की पण डाग पडतात, पण ते पानाच्या लांबीत ठराविक अंतरावर एकाच रेषेत येतात, आणि उडालेलं टोनर (लेझरची पावडरसारखी शाई) कसंही पसरतं. कोड असेल तर पूर्ण नक्षी, तशीच्या तशी, आडवी आणि उभी दोन्हीकडे परत परत येते. एका जागची नक्षी ट्रेसिंग पेपरवर पेननं उतरवा आणि शेजारी सरकवून बघा, तंतोतंत बसली तर कोड. मी असंच केलं. आणि मग अजून एक केलं, सकाळी एक पान छापलं, रात्री एक, आणि तोच ट्रेसिंग पेपर दोन्हीवर ठेवला. दोन्हीवर बसला. म्हणजे माझ्या मशीनच्या नक्षीत वेळेप्रमाणे बदलणारं काही नाही, तारीख आहे का ते मात्र वेगवेगळ्या दिवशीची पानं ताडूनच कळेल. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या कलर पानावर तो बसला नाही, तिथली नक्षीच वेगळी.

ही चाचणी तुम्ही करा, खरंच करा. इंटरनेटवर कुठला प्रिंटर ठिपके टाकतो आणि कुठला नाही याच्या याद्या फिरतात, त्यावर विसंबू नका. मूळ यादी फ्रंटियर फाउंडेशनची होती आणि त्यांनी स्वतःच सांगितलंय की आता ती वाढवणार नाही, कारण अलीकडचे जवळपास सगळे कलर लेझर काही ना काही खूण टाकत असावेत आणि ती खूण पिवळ्या ठिपक्यांचीच असेल असंही नाही. तेव्हा ठिपके दिसले तर नक्की आहेत, नाही दिसले तर नक्की नाहीत असं म्हणता येत नाही.

ते वाचता येतं का

डॉक्युकलरचं येतं, आणि ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी एकदा समजून घ्या, मी आठवीच्या पोरांना बायनरी (नुसत्या ० आणि १ नं संख्या लिहिणं) शिकवताना हेच उदाहरण घेतलं आणि त्यांना इतकं आवडलं. १५ उभे स्तंभ आणि ८ आडव्या ओळी. सगळ्यात वरची ओळ आणि सगळ्यात डावा स्तंभ चूक पकडण्यासाठी, ठिपक्यांची संख्या विषम यावी एवढंच त्यांचं काम. उरलेल्या सात ओळींना वरून खाली किंमत आहे ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ज्या स्तंभात १६, ४ आणि १ च्या जागी ठिपका आहे त्याची बेरीज २१. आता डावीकडून मोजलं तर दुसरा स्तंभ मिनिटं, पाचवा तास, सहावा तारीख, सातवा महिना, आठवा सालातले शेवटचे आकडे, आणि अकरा ते चौदा या चार स्तंभांत सिरीयल नंबर, एकेका स्तंभात दोन आकडे. सहाव्यात २१ आलं तर पान २१ तारखेला छापलं. तास मात्र मशीनच्या आतल्या घड्याळाचा असतो, ते घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तर कोडपण चुकीचा.

बाकीच्या कंपन्यांचे साचे वेगळे आहेत, माझ्या मशीनचा या चौकटीत बसला नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १८ कंपन्यांच्या १०६ मॉडेलांची १,२८६ पानं तपासली, त्यांना चार वेगवेगळ्या पद्धती सापडल्या, आणि त्यांनी डेडा नावाचं फुकट सॉफ्टवेअर काढलं ज्यात स्कॅन टाकलं की ओळखीचा साचा असेल तर ते वाचून दाखवतं. तेच सॉफ्टवेअर वरून जास्तीचे पिवळे ठिपके छापून मूळ नक्षी निरर्थक करण्याची सोय पण देतं, फक्त ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कमांड टाकून चालवावं लागतं, घरात कुणी जाणतं असेल तरच त्या वाटेला जा. आणि त्याला जे साचे माहिती आहेत तेवढ्यांसाठीच ते आहे.

मग घाबरायचं का

प्रामाणिकपणे सांगायचं तर रोजच्या कामाला नाही. नुसत्या सिरीयल नंबरवर तुमचं नाव नसतं. तो नंबर तुमच्याशी जोडला जातो तो बिलामुळं, वॉरंटीच्या रजिस्ट्रेशनमुळं, आणि हल्ली प्रिंटर चालू करतानाच ॲप ईमेल मागतं आणि अकाउंट उघडायला लावतं, त्यामुळं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज असेल, महापालिकेला पाणीपट्टीचं पत्र असेल, तिथं तुम्ही नाव पत्ता सही सगळं स्वतःच दिलंय, ठिपके असले काय नसले काय. फीच्या पावतीचं पण तेच.

फरक पडतो तो ज्याला नाव लपवणं गरजेचं आहे त्याला. कंपनीतला गैरप्रकार कळवणारा कामगार, घरात मारहाण सोसणारी बाई जी कुणाला तरी चिठ्ठी पाठवतेय, कुठल्या संस्थेतला घोळ निनावी कळवणारा शिक्षक. अशा माणसानं कलर प्रिंट काढलं आणि घेणाऱ्यानं ते पान तसंच स्कॅन करून कुठं टाकलं, की संपलं. २०१७ मध्ये अमेरिकेत रिॲलिटी विनर नावाच्या मुलीनं गुप्तचर खात्याचा एक कागद छापून पत्रकारांना दिला, तो छापून आला तेव्हा बाहेरच्या जाणकारांनी त्यावरचे ठिपके वाचले, ९ मे २०१७, सकाळी ६:२० आणि प्रिंटरचा नंबर. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण ती सापडली ठिपक्यांमुळं असं जे सगळीकडे सांगतात ते बरोबर नाही, तिला अटक ठिपके लोकांपुढे येण्याआधीच झाली होती. तपासणाऱ्यांना ऑफिसच्या नोंदींतून कळलं की तो कागद फक्त सहा जणांनी छापला होता, आणि त्यातल्या हिच्याच कॉम्प्युटरवरून त्या पत्रकारांना ईमेल गेलेला होता.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा भाग यावर आहे. ठिपके ही एक गोष्ट, पण त्याआधी कॉम्प्युटर आणि प्रिंटर स्वतःच नोंद ठेवून असतात.

ठिपके नको असतील तर

सगळ्यात सरळ उपाय, नुसता ब्लॅक अँड व्हाइट लेझर वापरा. त्यात पिवळा टोनरच नाही तर पिवळा ठिपका येणार कुठून. छपाईतल्या बारीक पट्ट्यांवरून काळं लेझर मशीन ओळखता येतं का यावर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००४ च्या सुमारास संशोधन झालंय, पण ते म्हणजे तुमचं मशीन हाताशी घेऊन जुळवून बघायचं काम, पानावर नंबर लिहिण्यासारखं नाही.

कलर लेझरच असेल तर ग्रेस्केल (रंग सोडून नुसत्या काळ्या-करड्या छटा) करून बघा. प्रिंटच्या डायलॉगमध्ये ग्रेस्केल किंवा ब्लॅक अँड व्हाइट निवडून एक पान काढा आणि परत निळ्या लाइटखाली तपासा. नुसतं काळं अक्षर आहे म्हणजे काळंच छापतो असं धरू नका, सेटिंग कलरवर असेल तर काळ्या मजकुराच्या पानावर पण ठिपके येऊ शकतात. माझ्या मशीनवर कलर सेटिंगला काळ्या मजकुरावर होते, ग्रेस्केलला गेले. तुमच्याकडे काय होतं ते तुम्हीच बघायचं. मी आता डीफॉल्टच ग्रेस्केल ठेवलंय आणि नकाशा असेल तेव्हाच कलर करते, टोनर पण वाचतो.

घरगुती इंकजेटमध्ये हे ठिपके सहसा आढळत नाहीत. काळं छापलं तरी पिवळी शाई संपते म्हणून काहींना शंका येते, पण त्याचं कारण साधं आहे, हेड क्लीनिंगमध्ये सगळे रंग खर्च होतात आणि बरेच इंकजेट काळ्या रंगात बाकीचे रंग मिसळतात.

आणि कुणी निनावी दिलेलं पान तुमच्याकडे आलं, तर ते तसंच स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका, मजकूर हातानं परत टाइप करा. ते देणाऱ्या माणसाला जपायचं असेल तर एवढं कराच.

ठिपक्यांपेक्षा जास्त बोलणाऱ्या जागा

माझा प्रिंटर मी आणला त्या आठवड्यात एक गोष्ट झाली होती तेव्हा मी ती मनावर घेतली नव्हती. स्क्रीनवर स्कॅन टू ईमेलचं बटन दाबलं तर यादी उघडली, आधीच्या ऑफिसातल्या लोकांची नावं आणि ईमेल पत्ते, तिसाच्या वर. जॉब हिस्ट्रीत, म्हणजे छापलेल्या कामांच्या नोंदीत, फाइलींची नावं, त्यात कुणाच्या तरी राजीनाम्याचं पत्र, कुणाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, पुढे त्या त्या माणसाचं नाव. विकणाऱ्यानं काही पुसलं नव्हतं आणि मला काही कळलं नव्हतं. भाच्यानं दाखवल्यावर मी तेव्हाच्या तेव्हा सगळं पुसलं, पण ते राजीनाम्याचं पत्र ज्या बाईचं होतं तिचं नाव माझ्या अजून डोक्यात आहे, आणि तिला हे कधीच कळणार नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तर तुम्ही काय करायचं. प्रिंटर वायफायवर असेल तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) स्क्रीनवर किंवा कॉन्फिगरेशन पेजवर मिळतो, १९२.१६८ नं सुरू होणारा असतो बहुतेक, तो ब्राउझरमध्ये टाका, प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. तिथं जॉब लॉग, ॲड्रेस बुक, वायफायची माहिती असते. आणि हे पान बऱ्याच घरांत बिनपासवर्डचं किंवा स्टिकरवरच्याच पासवर्डवर चालू असतं, तुमचं वायफाय ज्याला ज्याला दिलंय तो प्रत्येक जण ते उघडू शकतो. क्लासला येणारी पोरं माझं वायफाय वापरत होती! पासवर्ड बदला, जॉब लॉग बंद करता येत असेल तर करा, आणि पोरांना पाहुण्यांना गेस्ट वायफाय द्या.

प्रत्येक प्रिंटबरोबर फाइलचं नाव आणि विंडोजमधलं तुमचं युजर नेम प्रिंटरला जातं, म्हणून फाइलचं नाव "सुनेचा मेडिकल रिपोर्ट फायनल" असं ठेवून छापू नका. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून ॲडव्हान्स्ड टॅबवर "कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स" ला टिक नाही ना ते बघा, असेल तर छापलेलं सगळं कॉम्प्युटरवर साठत जातं. कंपनीचं ॲप टाकताना वापराची माहिती पाठवू का असं विचारतं, तिथं आपण घाईत हो हो करत जातो, परत सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. शाईच्या मासिक सब्स्क्रिप्शनमध्ये मात्र पानांचा हिशेब कंपनीकडे जाणारच, बिलच त्यावर असतं, ते मान्य असेल तर घ्या.

आणि झेरॉक्सचं दुकान. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण हे घरोघरी चालतं. आधार, पॅन, सातबारा, मुलीची मार्कशीट, सगळं आपण दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकतो आणि म्हणतो दादा दोन कॉपी. ती फाइल त्याच्या मोबाइलवर राहते आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पण राहते. नंतर आपण "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तरी कॉम्प्युटरवर उतरवलेली फाइल तिथंच असते. दुकानदार बिचारा वाईट नसतो, त्याला पुसायला वेळ नसतो. म्हणून समोर उभं राहून, "दादा डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून पण काढा ना" असं म्हणा, कुणी रागावत नाही, मी म्हणते आता. आधारची कॉपी द्यायची असेल तर आधारच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे ४ दिसतात, बऱ्याच ठिकाणी तो चालतो. खराब आलेली कॉपी दुकानातल्या डब्यात टाकू नका, घरी आणून फाडा.

प्रिंटर विकताना किंवा भंगारात देताना रिस्टोर फॅक्टरी डिफॉल्ट्स करा. घरगुती छोट्या मशीनची छापायची मेमरी बंद केल्यावर रिकामी होते, पण वायफायचा पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड, ॲड्रेस बुक हे आत राहतं. मोठ्या ऑफिस मशीनमध्ये तर हार्ड डिस्कच असते. अमेरिकेत सीबीएस न्यूजनं २०१० मध्ये चार जुने कॉपिअर विकत घेऊन त्यातून हजारो कागद काढून दाखवले होते, त्यात एका आरोग्य विमा कंपनीच्या पेशंटांचे रेकॉर्ड होते, आणि त्या कंपनीला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरच्या वर रक्कम भरावी लागली. सेकंडहँड ऑफिस मशीन आणलं तर हे रिसेट आधी करा आणि मग पहिलं पान छापा. मालकाचं नाव कंपनीच्या अकाउंटमधून काढायचं पण विसरू नका, नाहीतर मशीन तिसऱ्याच्या घरी आणि सिरीयल नंबर तुमच्या नावावर.

आणि कंपनीला विचारा

ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग आपल्या पैशानं घेतलेलं मशीन आपल्या कागदावर काय लिहितं हे विचारायचा हक्क तर आहेच. कस्टमर केअरला फोन केलात तर समोरच्या पोराला काही माहिती नसतं, त्याच्यावर चिडू नका, लेखी विचारा. मॉडेलचं नाव टाका आणि सरळ प्रश्न लिहा, या मशीनमध्ये पानावर ओळख खूण छापली जाते का, त्यात काय काय असतं, ग्रेस्केलमध्ये पण छापली जाते का, ती बंद करता येते का, आणि कुणी मागितली तर माझ्या रजिस्ट्रेशनची माहिती तुम्ही कुणाला देता.

मी दोनदा पाठवला हा ईमेल. पहिल्यांदा उत्तर आलं की टोनर अस्सल वापरा. दुसऱ्यांदा आलं की तुमची तक्रार बंद केली आहे, सेवा कशी वाटली ते कळवा. तिसरा ईमेल या रविवारी लिहून ठेवलाय, या वेळी निळ्या थराचा स्कॅन आणि ट्रेसिंग पेपरचा फोटो जोडलाय, आणि खाली खालच्या मजल्यावरच्या काकांनी पण सही केलीय.